तारपा आणि भट्टी

विटा, जिल्हा सांगली. यंत्रमागाचा हा शेड. माग कधीच हलवले, पण पत्र्याच्या कैच्यांना कापसाची पिंज अजून चिकटलेली आहे. इथं सध्या चित्रप्रदर्शन भरलंय. एकीकडे पालघर जिल्ह्यातले वारली चित्रकार, दुसरीकडे परमुलखात वाढलेली गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची मुलं.

आधी ही भिंत बघा. शेण-माती कालवून वारली चित्रकार ताईंनी ती स्वतः सारवली, वाळल्यावर गेरूचा हात दिला. तांदूळ वाटून त्यात पाणी आणि डिंक, एवढाच रंग. बांबूची काडी घ्यायची आणि तिचं टोक धागे सुटेपर्यंत दातानं चावायचं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडले की माणूस उभा राहतो. वरचा जरा कलला, की तोच नाचायला लागतो.

पूर्वी हे लग्नघरातलं, सवाशिणींच्या हातचं काम. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदा-कापडावर आणलं. 2003 साली जर्मनीत ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या बरोबरीनं त्यांची चित्रं लागली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगाशी बोलायची या चित्रांना सवय आहे. गलाईवाल्यांशी मात्र ती पहिल्यांदाच बोलताहेत.

खानापूर-आटपाडी हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. सोन्यात चांदी मिसळून मुशीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या भांड्यात, वितळवायची, मग नायट्रिक आम्लात सोडायची. चांदी विरघळते, सोनं तळाशी उरतं. हे कसब हातातून हातात गेलं, शाळेत कुणी शिकवलं नाही. अशा हातांना कारागीर म्हणायला आपण अजून कचरतो, याचं वाईट वाटतं. आम्लाच्या धुरानं कितीजणांच्या छातीचं दुखणं झालं, तेही कुणी मोजलेलं नाही.

हा तरुण केरळात वाढला. घरी मराठी, गल्लीत मल्याळम, आणि जत्रेला वर्षातून एकदा गाव. त्यानं भट्टीची काजळी डिंकात खलून रंग केलाय. ताईंच्या भिंतीवर तारप्याचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच आहे. वाजवणारा मध्ये, भोवती माणसांची साखळी, तारप्याकडे पाठ कुणाचीच नाही. साखळीचं बाहेरचं टोक ताईंनी मुद्दाम मोकळं सोडलं. तिथून त्यानं काळी माणसं जोडत नेली. कुणाच्या डोक्यावर ट्रंक, कुणाच्या हातात सांडशी. रांग थेट दारापर्यंत गेली. त्रिकोण त्याला नीट साधेना, तेव्हा ताईंनी त्याचं मनगट धरून दोन-चार माणसं काढून घेतली. ती कुठली, हे आता ओळखू येत नाही.

डहाणू-तलासरीकडे बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या. ताईंच्या दुसऱ्या चित्रात ते रूळ आहेत.

या कोपऱ्यात वापरलेल्या मुशी मांडल्यात. आयुष्यभर गलाई करून गावी परतलेले एक आजोबा त्यांच्यापाशी थबकले. एक मूस उचलली, उजेडात धरली. "अरं, ह्या नुसत्या मांडून काय ठेवल्यात? कुटल्या तर अजून सोनं निघंल यातनं." पोरानं शेजारच्या घरातून खलबत्ता आणला. आजोबा तिथंच फरशीवर मांडी घालून बसले आणि कसं कुटायचं ते दाखवायला लागले. ताई काडी खाली ठेवून जवळ आल्या.