हृदयाचा व्हॉल्व्ह गळतोय, पण दम लागत नाही

(दृश्य : सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या, शेजारून वर जाणारी ट्रॉली)

गेल्या चैत्रात पायी चढलात, मग यंदा ट्रॉली का? "गर्दी होती हो." दम लागतो का? "छे, अजिबात नाही." उत्तर खोटं नसतं. माणूस नकळत चाल कमी करतो, द्राक्षबागेची लांबची फेरी मुलावर सोपवतो, आणि दम लागायची वेळच येऊ देत नाही. म्हणून शंका आली की ट्रेडमिलवर चालवून बघतात.

(दृश्य : इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा पडदा, रंगीत झोत)

हा झोत म्हणजे मायट्रल व्हॉल्व्हमधून (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) उलटं, वरच्या डाव्या कप्प्यात उडणारं रक्त. दर ठोक्याला ६० मिली किंवा जास्त रक्त मागे गेलं, किंवा गळतीचं भोक ०.४ चौरस सेंटिमीटर वा मोठं निघालं, तर गळती तीव्र. नुसत्या रंगावर भिस्त नको. भिंतीला घासून जाणारा झोत आहे त्यापेक्षा लहान दिसतो. आणि बीपी चढलेलं असताना तीच गळती मोठी दिसते. इकोच्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहून घ्या.

आता 'ईएफ ६०', म्हणजे खालचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं ६० टक्के रक्त बाहेर टाकतो. हे वाचून घरचे निर्धास्त होतात, आणि इथेच फसगत होते. खालच्या डाव्या कप्प्याला एरवी महाधमनीच्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. व्हॉल्व्ह तीव्र गळत असेल तर निम्मं रक्त वरच्या कप्प्यात विनासायास निसटतं. आकडा फुगतो तो त्यामुळे. ऑपरेशनने ही चोरवाट बुजली की थकलेला कप्पा पूर्ण दाबाला जुंपला जातो आणि ईएफ घसरतो. म्हणून व्हॉल्व्ह मुळातच खराब होऊन तीव्र गळत असेल, तर ईएफ ६० किंवा खाली, अथवा आकुंचनाच्या शेवटी कप्पा ४० मिलिमीटर वा मोठा, यातलं एक जरी दिसलं तरी दम नसतानाही ऑपरेशनचं बोलायचं. लहान चणीच्या बाईचं हृदयही लहान. तिच्या बाबतीत ४० ची वाट बघणं उशिराचं ठरू शकतं.

तोवर दर सहा ते बारा महिन्यांनी इको, जमल्यास त्याच ठिकाणी. जुने रिपोर्ट पिशवीत हवेतच, कारण ५८ पेक्षा ६८ वरून ५८ हे जास्त सांगून जातं. व्हॉल्व्हचा पडदा धरून ठेवणारी दोरी अचानक तुटून धाप लागली तर मात्र हा सगळा हिशोब बाजूला; त्याच दिवशी हॉस्पिटल.

(दृश्य : पेठ रस्ता, एसटी)

नुसती दोरी तुटलेला व्हॉल्व्ह बहुतेकदा शिवून, रिंग बसवून दुरुस्त होतो. सांधेतापाने जाड होऊन चिकटलेला अनेकदा बदलावाच लागतो. धातूचा बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये राखायला वारंवार रक्त तपासणी. सुरगाण्याच्या पाड्यावरून ती कशी जमणार, हे ऑपरेशनआधीच विचारायचं. प्राण्याच्या ऊतींच्या व्हॉल्व्हला ही गोळी जन्मभर लागतेच असं नाही, पण तो झिजतो, तरुणांमध्ये लवकर.

तारीख ठरली की आधी दातांच्या डॉक्टरकडे. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून थेट नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात.