सोशल मीडियाला थोडी सुट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

सोशल मीडियावर वेळ कसा गेला ते कळलंच नाही, की आपण लगेच स्वतःला बोल लावतो. ‘माझ्यात शिस्तच नाही’, ‘माझा मनावर ताबाच नाही’. मला हे मुळीच पटत नाही. पूर्वी संकेतस्थळावरचं पान संपायचं. खाली पोचलं की पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं, आणि तेवढ्या क्षणात माणसाला ‘बास आता’ असं म्हणायला फुरसत मिळायची. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं न संपणारं पान तयार केलं आणि तो क्षणच नाहीसा झाला. पुढे रास्किननं स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर लाईकचं बटण आलं, मग दर थोड्या वेळानं ‘कोणी काय म्हटलं’ ते पाहण्याची सवय लागली. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं, की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की पक्षी चोच मारणं लवकर थांबवत नाही. फीड, म्हणजे समोर येत राहणाऱ्या पोस्टची रांग, खाली ओढताना आपलंही तेच होतं. नऊ रील निरस, दहावी मात्र झकास! म्हणून सुट्टी घ्यायची ती स्वतःला शिक्षा म्हणून घेऊ नका, एवढं माझं पहिलं सांगणं.

मनावर याचा भार कसा पडतो? झोप मोडते, लक्ष विखुरतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला जास्त काळजी वाटते ती तुलनेची. माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, असं लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं. पण तेव्हा तुलना व्हायची ती ओळखीच्या माणसांशी. त्यांची बढती दिसायची, तशी त्यांची आजारपणं आणि घरातली भांडणंही दिसायची. आता शेकडो लोकांचे निवडक क्षण डोळ्यांसमोरून सरकतात, आणि त्यांच्या शेजारी आपण आपला अख्खा, न निवडलेला दिवस ठेवतो. त्यात आपण उणे ठरणारच.

मग थांबल्यानं खरंच बरं वाटतं का? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी संशोधकांनी काही जणांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. दिवसाकाठी सरासरी तासभर मोकळा झाला. लोकांचं समाधान वाढलं, पण थोडंसंच. बातम्यांची माहिती कमी झाली, आणि प्रयोग संपल्यावरही अनेकांचा वापर पहिल्यापेक्षा कमीच राहिला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण बंदी नव्हती. तीन आठवडे प्रत्येक अॅपला रोज फक्त दहा मिनिटं. त्या गटात एकटेपणा आणि उदासी कमी झाली. सगळेच अभ्यास असं सांगत नाहीत. काहींत सुट्टीचा फारसा फरक दिसला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. मोकळा झालेला तास कुठे गेला, यावरच तर सगळं अवलंबून आहे! तो दुसऱ्याच एखाद्या पडद्यासमोर गेला, तर मनाला विसावा कुठून मिळणार?

म्हणून अॅप काढण्याआधी तो तास कोणाला द्यायचा हे ठरवा. कोणाला, असं मी मुद्दाम म्हणते आहे. बरेच दिवस बोलणं न झालेल्या मैत्रिणीला फोन, घरातल्या कोणाबरोबर फेरफटका, कोणी नसेल तर अर्धवट राहिलेलं शिवणकाम. खातं कायमचं बंद करण्याची गरज नाही. फोनमधलं अॅप तेवढं काढा. कामाचे आणि घरचे निरोप चालू राहू द्या. ‘आठवडाभर मी इथे नाही, काही असेल तर फोन करा’ असं जवळच्यांना कळवा, म्हणजे त्यांना काळजी नको आणि तुम्हाला रुखरुख नको.

सुरुवातीला हात आपोआप फोनकडे जाईल. तेव्हा चिडू नका, फक्त पाहा, तो कधी जातो? कोणाशी खटका उडाल्यावर? अवघड काम टाळायचं असताना? रात्री झोप येत नाही तेव्हा? सुट्टीतली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते हीच. फोन कोणत्या दुखऱ्या जागेवर फुंकर घालत होता, ते तेव्हाच उघडं पडतं. मग भांडण मिटवायचं की नाही, काम पुढे ढकलायचं की कोणाची मदत मागायची, हे ठरवता येतं.

काही जणांसाठी मात्र हाच एक आधार असतो. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, आपल्या माणसांपासून फार दूर राहणारी व्यक्ती. त्यांना ‘सगळं बंद कर’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्यांनी माणसं राखावीत आणि अनोळखी लोकांचं न संपणारं फीड तेवढं टाळावं. ज्यांची रोजीरोटी यावर आहे, त्यांनी पोस्ट टाकण्याची वेळ ठरवावी आणि ती टाकली की बाहेर पडावं.

परत याल तेव्हा सगळं पूर्वीसारखंच लावून घेऊ नका. नोटिफिकेशन बंदच राहू द्या. ज्यांचं काही पाहिलं की दर वेळी स्वतःबद्दल वाईट वाटतं, त्यांना म्यूट करा. त्यांना ते कळतही नाही.

आणि सुट्टी घेऊनही उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर हा प्रश्न फोनपुरता नाही. तेव्हा वाट पाहू नका. विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. एकट्यानं जाववत नसेल, तर कोणाला तरी सोबत घ्या.

नमस्कार.