हळद, मेणबत्ती आणि दुपारची सावली

श्रोतेहो, नमस्कार. शाळेला सुट्टी लागली की आपल्या इंदूरच्या घराघरांतून मुलांना कशात गुंतवावे हा प्रश्न उभा राहतो आणि बाजारातून प्रयोगांची तयार पेटी आणली जाते. त्याआधी स्वयंपाकघरातील डबे उघडून पाहावेत, आणि प्रयोग करताना एकच पथ्य पाळावे: उत्तर आधी सांगू नये, एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

हळदीपासून आरंभ करू. चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पसरावी आणि कागद सावलीत वाळू द्यावा. मग कापसाची वात साबणाच्या पाण्यात बुडवून मुलाला त्यावर स्वतःचे नाव लिहायला सांगावे. पिवळ्या कागदावर तांबडी अक्षरे उमटतात आणि त्यांवर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होतात. वरण सांडलेल्या सदऱ्याला साबण लावताच डाग लाल होतो, तो याच कारणाने. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीत तांबडे होते. आता ताक, चिंचेचा कोळ, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा असे एकेक पदार्थ मुलानेच लावून पाहावेत. खाण्याचा सोडा सौम्य असल्यामुळे रंग फिका येतो, आणि हा फरक मुलाला आपणहून दिसला तर फार बरे. हळदीला चुना लावूनही लाल रंग येतो, पूर्वी कुंकू तसेच करीत. परंतु चुना डोळ्यांना घातक असल्याने तो मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरा प्रयोग मोठ्यांनी जवळ बसूनच करावा. ताटलीत थोडे पाणी घालून मधोमध मेणबत्ती लावावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. जळण्यात ऑक्सिजन संपला, म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले जाते. मला ते मनापासून खटकते, कारण मुलाने नीट पाहिले तर त्याला ते पटणार नाही. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर चढते, आणि पेला ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे सुटलेले कित्येकदा दिसतात. ज्योतीने तापलेली हवा फुगून बाहेर जाते, उरलेली हवा थंड होताना आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. खातरजमा करायची तर पेला आणि पाणी तेच ठेवून एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक चढते.

तिसऱ्या प्रयोगाला तर गच्ची आणि एक सरळ काठी एवढेच पुरे, आणि तो करण्यासाठी इंदूर फार सोयीचे आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्या जवळून जाते. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. मे महिन्याच्या अखेरीपासून रोज दुपारी साडेबाराच्या थोडे आधी उभ्या काठीच्या सावलीचे टोक खडूने आखावे. आधी उत्तरेला पडणारी सावली आखडत जाते, एके दिवशी काठीच्या पायाशी नाहीशी होते आणि पुढे दक्षिणेला सरकते. जुलैत बहुधा ढग आड येतात, म्हणून जूनची संधी साधावी. ग्वाल्हेरला मामा-मावशी असतील तर त्याच दिवशी तिथल्या मध्यान्ही त्यांनाही सावली मोजायला सांगावे. तिथे एक मीटर काठीची सावली सुमारे 6 सेंटीमीटर भरते आणि ती उत्तरेलाच पडलेली असते.