पीळ गर्भाशयाला, खुणा रक्तात

(दृश्य : पहाटेचा गोठा. म्हैस सारखी उठबस करते आहे.)

दिवस भरलेत, साधारण ३१०. कळा येतायत. म्हैस शेपटी उचलते, पोटावर लाथ झाडते. पण पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) काही दिसत नाही. "अजून थोडं थांबू" म्हणत घरची माणसं वाट पाहतात. म्हशीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते याच तासांत.

आत गर्भाशयाला पीळ पडलाय. म्हशीत तो बहुतेकदा उजवीकडे पडतो, कारण डाव्या बाजूला कोटीपोट (चारा साठवणारं मोठं पोट) आडवं येतं. पिळात आधी शिरा दबतात, त्यांच्या भिंती पातळ असतात. धमन्या मात्र रक्त आत ढकलतच राहतात. मग गर्भाशय सुजतं, काळंनिळं पडतं आणि पारडाचा प्राणवायू तुटतो.

(दृश्य : मानेच्या शिरेतून रक्ताचा नमुना.)

हे सगळं रक्तात उमटतं. वेदनेनं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, त्यामागे साखर वाढते. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. गर्भाशयाचा स्नायू गुदमरून मरू लागला की त्यातली विकरं रक्तात झिरपतात : एएसटी, सीके, एलडीएच. म्हणून एएसटी वाढलेलं दिसताच यकृताला दोष देऊ नये. ते स्नायूतूनही येतं. युरिया आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायची घाण, रक्तात चढले, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पडतंय असं समजावं. कॅल्शियम उतरलं असेल, तर दमलेल्या गर्भाशयाला कळा देण्याचं बळ उरत नाही.

(दृश्य : म्हशीला उजव्या कुशीवर पाडलंय, पोटावर लाकडी फळी.)

उजवा पीळ असेल तर उजव्याच कुशीवर पाडायचं. फळीच्या खालच्या टोकावर माणूस उभा करून म्हैस पिळाच्याच दिशेनं सावकाश लोळवायची. शरीर फिरतं, गर्भाशय जागीच राहतं, पीळ सुटतो. हे पशुवैद्यकासमोरच करावं : दिशा चुकली तर पीळ आणखी घट्ट होतो. नाहीच सुटला, तर शस्त्रक्रिया.

पारडू बाहेर आलं की गोठ्यातली माणसं सुटकेचा श्वास सोडतात. पण अडकून पडलेलं विषारी रक्त आता अंगभर फिरणार असतं. म्हणून म्हशीला लोळवण्याआधीच सलाइन सुरू करावं. पुढचे काही दिवस चारा, रवंथ, लघवी आणि जार (वार) पडला की नाही, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं. युरिया नि क्रिएटिनिन पुन्हा तपासावं. ते उतरत नसेल, तर म्हैस उभी असली तरी उपचार थांबवू नयेत.