तिथी सांगा, भरतीची वेळ सांगतो

[दृश्य: वाशीचा खाडीपूल, भरदुपार. खांबांना लागलेलं पाणी.]

पौर्णिमेची दुपार. वाशीच्या पुलाखाली खाडी तुडुंब भरली आहे. खांबांवर जिथे कालवं चिकटलेली असतात, तो सगळा पट्टा पाण्याखाली गेलाय. सकाळी सहाला याच जागी नुसता चिखल होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो पुन्हा उघडा पडेल.

हे सांगायला कुठल्याही यंत्राची गरज नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरे.

[दृश्य: दिवाळे कोळीवाडा. जेट्टीवर जाळी, बांधलेल्या होड्या.]

आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांचा एक जुना हिशोब आहे. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. आज चतुर्थी असेल, तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि तशीच पहाटे तीनच्या आसपास. पंचमीला पाच त्रिक पंधरा, पावणेचार. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, बरोबर सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच.

इतका सोपा हिशोब खरा कसा ठरतो? त्याचं उत्तर आकाशात आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

[दृश्य: आकृती. पृथ्वी, चंद्र, सूर्य. चंद्र सरकतो तसा कोन वाढत जातो.]

पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्यात जो कोन पडतो, त्यावर तिथी ठरते. अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेला, म्हणजे कोन शून्य. तिथून चंद्र 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण झाली. 15 तिथी झाल्या की 180 अंश, सूर्य एकीकडे आणि चंद्र थेट समोर. ती पौर्णिमा. 30 तिथींत 360 अंशांचा फेरा पुरा होतो. पंचांगात आपण तिथी बघतो, तेव्हा खरं तर एक कोन वाचत असतो.

आता दुसरा आकडा. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. मग 12 अंश फिरायला किती वेळ? 48 मिनिटं. म्हणूनच तिथीगणिक भरती साधारण तितकी पुढे सरकते. कोळ्यांनी ते पाऊण तास धरलं, म्हणजे 45 मिनिटं. तीन मिनिटांची तूट. 15 तिथींत ती 45 मिनिटं होते, म्हणून पौर्णिमेला त्यांच्या हिशोबाने सव्वाअकरा येतात आणि पाणी बाराच्या आसपास चढतं. होडी लोटायला एवढा अंदाज भरपूर झाला.

एक लक्षात ठेवा. हा हिशोब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचा आहे. समुद्राची खोली आणि किनाऱ्याचा आकार यांमुळे दुसऱ्या बंदरात ही वेळ बदलते. खुद्द आपल्या खाडीतही, तोंडापासून आत ठाण्याकडे जाल तशी भरती थोडी उशिरा पोचते.

[दृश्य: मध्यरात्र, डोक्यावर पूर्ण चंद्र. मग तीच जागा भरदुपारी.]

आता खरी गंमत. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री माथ्यावर येतो, तेव्हा भरती असते, हे पटतं. पण दुपारी बाराला? तेव्हा चंद्र आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतो. तरीही खाडी भरलेलीच!

चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर. पृथ्वीचा व्यास सुमारे 12,742 किलोमीटर. म्हणजे पृथ्वीची एक बाजू चंद्राला तेवढी जवळ, दुसरी तेवढी लांब. जवळच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त जोराने चंद्राकडे ओढलं जातं. लांबच्या बाजूचं पाणी मध्यापेक्षा कमी ओढलं जातं, म्हणून ते मागे राहतं. दोन्हीकडे पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी फिरता फिरता या दोन्ही फुगवट्यांतून जाते, म्हणून दिवसात दोन भरत्या, सुमारे 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने.

थोडक्यात, भरतीला कारण आहे तो ओढीतला फरक. सूर्याकडे पाहिलं की हे पक्कं होतं. पृथ्वीवर सूर्याची एकूण ओढ चंद्राच्या ओढीच्या पावणेदोनशे पटींहून जास्त. पण सूर्य चंद्रापेक्षा सुमारे 390 पट लांब. इतक्या लांबून पाहिलं तर पृथ्वीची अलीकडची आणि पलीकडची बाजू जवळजवळ सारख्याच अंतरावर. फरक कमी, म्हणून भरती आणण्यात सूर्याचं बळ चंद्राच्या निम्म्याहूनही थोडं कमी.

[दृश्य: ऐरोलीजवळची खाडी, ओहोटी. लांबवर गुलाबी थवे.]

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांचं बळ एकत्र होतं. ही उधाणाची भरती. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो. अष्टमीच्या सुमाराला दोघे काटकोनात असतात, बळ एकमेकांना मारक ठरतं, फरक दीड मीटरच्या आसपास उतरतो. ही भांगाची भरती. सर्वांत मोठं उधाण मात्र पौर्णिमेच्या दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येतं, कारण एवढ्या पाण्याला हलायला वेळ लागतो.

उधाणाच्या ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल दूरवर उघडा पडतो. जवळून पाहा. तिवराच्या झाडाभोवती पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून सरळ वर आलेली आहेत. त्या चिखलात हवा जवळपास नसतेच, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. त्यांच्यामधून निवटी उड्या मारत जाते. मासा खरा, पण ओल्या चिखलावर आरामात वावरते. आणि पुढे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी धरून चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पाणी चढलं की ते नेरुळच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात. म्हणजे त्यांची जेवणाची वेळही चंद्रच ठरवतो. या खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नेरुळच्या त्या पाणथळी राहिल्या नाहीत, तर भरतीच्या वेळी या पक्ष्यांनी बसायचं कुठे, हा प्रश्न आपल्या शहराने स्वतःला विचारायलाच हवा.

[दृश्य: पावसाळा. धारण तलाव, झडपेचं दार.]

नवी मुंबईचे बरेच भाग सखल. भरतीची पातळी त्यांच्याहून वर जाऊ शकते. अशा वेळी मुसळधार पाऊस पडला तर पाणी जाणार कुठे? म्हणून शहर वसवतानाच धारण तलाव ठेवले गेले. पावसाचं पाणी आधी तिथे जमतं. खाडीच्या बाजूला झडपेचं दार असतं, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेलं. भरती आली की खाडीचं पाणीच बाहेरून दाबून ते बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पण तलावात गाळ साचत गेला की जागा कमी होते, आणि मग भर पावसात उधाण आलं की पाणी रस्त्यावर येतं.

[दृश्य: चंद्राचा पृष्ठभाग, लेझरचे परावर्तक.]

भरतीचं हे पाणी तळाशी आणि किनाऱ्याशी घासतं. त्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं अगदी थोडं मंदावतं, आणि त्याच्या बदल्यात चंद्र लांब जातो. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. त्यांवर लेझर सोडून, परत यायला लागणारा वेळ मोजतात. चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर चाललाय.

[दृश्य: खाडीकाठचा कठडा. विद्यार्थी वहीत नोंदी करताना.]

आता तुमचं काम. मोठ्या कुणाला तरी सोबत घ्या, कठड्याच्या आतच थांबा, चिखलात उतरू नका, तो खोल असतो. समोरच्या पायऱ्या किंवा खांबावर एक खूण ठरवा. पंधरा दिवस तिथी, भरतीची वेळ आणि पाणी कुठवर आलं ते लिहा. रात्रीची भरती भरतीच्या तक्त्यातून घ्या.

दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी नाही, हे तक्त्यात दिसेल. पावसाळ्यात दुपारचं उधाण मोठं असतं, डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीचं. कारण जूनमध्ये सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. पौर्णिमेचा चंद्र तेव्हा दक्षिणेला, आणि त्याचा पलीकडचा फुगवटा उत्तरेला. आपण उत्तर गोलार्धात, म्हणून भरदुपारी दोघांचेही फुगवटे आपल्याच बाजूला झुकलेले असतात. डिसेंबरात सगळं याच्या उलट होतं.