तोर्तीचं तापाचं झाड

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीतल्या मोदेना शहरात 1712 साली फ्रान्चेस्को तोर्ती या डॉक्टरांचा तापावरचा एक ग्रंथ छापला गेला. त्यात एका झाडाचं चित्र आहे. काही फांद्यांवर साल आहे, काही साफ सोललेल्या आहेत. प्रत्येक फांदी म्हणजे एकेक ताप. साल असलेले ताप सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीने उतरतात, सोललेल्यांवर तिचा उपाय चालत नाही. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं. औषध कुठे लागू पडतं याच्या जोडीला कुठे पडत नाही, हेही त्यात स्वच्छ मांडलंय.

त्या काळी ताप हाच रोग मानत. हॉलंडमध्ये लायडनला हर्मन बूरहावे थर्मामीटर वापरू लागले होते, पण ते अपवादच. बाकीचे अंगाला हात लावत, नाडी धरत, जीभ बघत, लघवीचा रंग बघत. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर यांनी तर नाडी मोजण्यासाठी मिनिटभर चालणारं खास घड्याळ करवून घेतलं आणि 1707 साली त्यावर पुस्तक लिहिलं.

खरा भर मात्र विचारपूस करण्यावर असे. हुडहुडी कधी भरली? घाम कधी फुटला? पुन्हा ताप कधी चढला? एक दिवस सोडून येणारा ताप वेगळा, दोन दिवस सोडून येणारा वेगळा. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींत साधारण 48 किंवा 72 तासांनी वाढून बाहेर पडतात, हे कळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं गेली. पण तापाच्या पाळ्या त्या डॉक्टरांनी अचूक टिपल्या होत्या.

उपचार बहुतेक बाहेर काढण्याचेच. शरीरातला दोष निघाला की ताप उतरेल, ही समजूत. म्हणून रेच, ओकारीचं औषध, घाम आणणं आणि दंडाची शीर कापून रक्त काढणं. ते रक्त वाडग्यात तसंच ठेवत. थोड्या वेळाने वर पिवळट पांढरी साय धरली, तर आत दाह आहे असं समजून पुन्हा रक्त काढत. त्यांची नजर चुकलेली नव्हती. दाहात तांबड्या पेशी लवकर खाली बसतात, आणि आजची ईएसआर तपासणी हेच मोजते. चूक उपायात होती. आधीच खंगलेल्या माणसाचं आणखी रक्त जाई, आणि त्याने किती जणांची उरलीसुरली ताकद गेली असेल, या विचाराने आजही जीव हळहळतो.

सिंकोनाच्या सालीने या समजुतीलाच धक्का दिला. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या भागातून आलेली ही कडू साल कुटून, वाइनमध्ये कालवून पाजत. जुलाब नाही, उलटी नाही, रक्त काढणं नाही, तरी पाळीचा ताप थांबे! मग दोष बाहेर पडला कुठून? जुन्या मताच्या डॉक्टरांना याचं उत्तर देता येईना. जीवघेण्या पाळीच्या तापात वाट बघण्यात रोगी दगावतो, हे तोर्तींनी पाहिलं होतं. म्हणून पुढची पाळी यायच्या आत ते सालीची मोठी मात्रा देत.

त्यांना विरोधही झाला. कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिणारे बर्नार्दिनो रामात्झीनी यांनी सालीच्या अतिवापरावर टीका केली. तीही अगदीच गैर म्हणता येणार नाही, कारण कुठल्याही तापावर साल देणारे डॉक्टर होतेच. तोर्तींनी रामात्झीनींना लेखी उत्तर दिलं. सालीतलं क्विनाईन, आपल्या आज्यांचं कोयनेल, पॅरिसमध्ये वेगळं काढलं गेलं ते 1820 साली.