पापणी मिटेपर्यंत

(दृश्य: कोथरूडमधील एक घर, रात्रीचे साडेदहा. टेबलावर आरसा, मलमाची नळी, कागदी चिकटपट्टी आणि छोटी कात्री.)

या घरात रात्री साडेदहाचे काम ठरलेले आहे. ताई हात साबणाने धुऊन आरशासमोर बसतात, उजव्या डोळ्याची खालची पापणी तर्जनीने हलकेच ओढतात आणि तिच्या आतल्या खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढे मलम सोडतात. नळीचे टोक डोळ्याला लागू नये म्हणून त्या क्षणभर श्वासही रोखून धरतात. मग वरची पापणी बोटाने अलगद खाली आणून त्या ती तशीच धरून ठेवतात, आणि सूनबाई पापणीपासून गालाच्या बाहेरच्या बाजूकडे तिरकी पट्टी लावतात. पट्टी लावून झाली, तरी काम संपत नाही. मोबाइलच्या उजेडात डोळ्याचा कोपरा नीट पाहून सूनबाई म्हणतात, "आई, नाकाच्या बाजूला बारीक फट राहिलीय. पुन्हा लावू या." पट्टी निघते आणि नवी कापली जाते, कारण त्या फटीतून रात्रभर वारा लागला, तर सकाळी डोळा लाल झालेला असतो. अर्धवट सुटलेल्या पट्टीखाली डोळा उघडला आणि पट्टीची कड बुबुळाला घासली, तर होणारी इजा याहून मोठी असते.

डोळ्यांत तेल घालून जपणे, असे आपण सहज म्हणून जातो. ताईंच्या घरी गेले दहा महिने तेच चालले आहे.

(दृश्य: सकाळ. ताई खिडकीशी वर्तमानपत्र वाचत आहेत.)

ताई निवृत्त शिक्षिका आहेत. उजव्या कानाला फोन लावला की नीट ऐकू येईना आणि चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा एमआरआय केला आणि त्यात कानाच्या नसेवरची गाठ दिसली. वैद्यकीय भाषेत तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते, पण मेंदूच्या खोडाजवळच्या फार थोड्या जागेत ती वाढत असल्याने मोठी झाली की काढावी लागते. ताईंची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, गाठ निघाली. शुद्धीवर आल्यावर मात्र त्यांचा उजवा गाल ओघळलेला होता आणि उजवा डोळा मिटत नव्हता.

हे का घडते, ते समजून घेणे रुग्णाच्या फार उपयोगाचे आहे, कारण कारण कळले की काळजी घेण्यातला आळस जातो. मेंदूतून निघणाऱ्या नसा क्रमांकाने ओळखल्या जातात; त्यांपैकी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची आठवी नस आणि चेहरा हलवणारी सातवी नस कवटीच्या हाडातील एकाच अरुंद बोगद्यातून जातात. आठव्या नसेवर गाठ वाढते, तेव्हा सातवी नस तिच्या पाठीवर ताणली जाऊन फितीसारखी चपटी होते. ती शाबूत राखून गाठ सोडवणे हे शल्यविशारदाच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम असते, आणि नस तुटली नाही, तरी ताणामुळे ती कित्येक महिने काम करेनाशी होऊ शकते. त्यात शरीराची एक रचना रुग्णाच्या विरोधात जाते: पापणी उचलणारा स्नायू तिसऱ्या नसेवर चालतो आणि मिटणारा स्नायू सातव्या नसेवर. म्हणजे दार उघडणारा हात धडधाकट राहतो आणि लावणारा हात लुळा पडतो. अश्रुग्रंथीला स्रवण्याचा निरोप नेणारे तंतूही आपल्या वाटेचा पहिला टप्पा याच सातव्या नसेसोबत चालतात, त्यामुळे अनेकांच्या डोळ्यांत पाणीही कमी तयार होते.

आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी लववतो. सोळा तासांच्या जागेपणाचा हिशेब केला, तर हा आकडा चौदा हजारांच्या पुढे जातो. नळ-दमयंतीच्या कथेत चार देव नळाचे रूप घेऊन स्वयंवराला येतात आणि दमयंती खरा नळ ओळखते, त्या खुणांपैकी एक हीच होती, की देवांच्या पापण्या लवत नाहीत आणि माणसाच्या लवतात. पापणी न लवणे माणसाच्या डोळ्याला परवडत नाही.

(दृश्य: शहाबादी फरशीवरून ओले फडके फिरते, फरशी हळूहळू सुकत जाते.)

ताईंची पहिली तक्रार कोरडेपणाची नव्हती. "मला धूसर दिसतं," एवढेच त्या सांगत. पडद्यावरची ही फरशी पाहा. पूर्ण ओली असताना तिच्यात खिडकीचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. ती सुकू लागली, की जागोजागी डाग पडतात आणि प्रतिबिंब तुटते. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा सुमारे 3 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट जाडीचा थर असतो, आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत आधी या थरावर वळतो. पापणी दर वेळी हा थर नव्याने पसरवते. पापणीच लवली नाही, तर थर फाटतो आणि अक्षरे विरघळल्यासारखी दिसू लागतात.

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांतच ताईंनी हौसेने नवा चष्मा करून घेतला होता. तो आठवडाभरही उपयोगी पडला नाही. डोळ्याचा पृष्ठभागच तासातासाला बदलत असेल, तर नंबर ठरणार कसा? आधी डोळा ओला ठेवायचा आणि मग नंबर काढायचा, हा क्रम त्यांना त्या वेळी कोणी समजावून सांगितला नाही. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर टाक्यांविषयी आणि गोळ्यांविषयी पानभर सूचना होत्या. डोळ्याविषयी "थेंब घालणे" एवढीच ओळ होती. ज्या रुग्णाचा डोळा मिटत नाही, त्याला घरी सोडताना पट्टी कशी लावायची, हे नातेवाइकाच्या हाताने एकदा करून घेतल्याशिवाय सोडू नये, असे आम्हांला मनापासून वाटते.

धूसरपणा कोरडेपणाचाच आहे का, याची एक साधी पारख घरी करता येते. बोटाने पापणी दोन-तीनदा मिटली किंवा थेंब घातला आणि काही मिनिटे स्वच्छ दिसले, तर दोष बहुधा पृष्ठभागाचा असतो. तसे झाले नाही, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या किंवा धूसरपणासोबत डोकेदुखी आणि उलट्या असतील, तर डोळ्याच्या थेंबांवर वेळ न घालवता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे, कारण डोक्यातला दाब वाढल्यानेही दृष्टी मंदावते. चालताना कर्वे रस्त्यावरच्या पाट्या हलताना दिसणे हा आणखी वेगळा प्रकार आहे: तोल सांभाळणारी नस गेल्यामुळे मान हलली, की नजर स्थिर राहत नाही. त्यावर थेंबांचा उपयोग नाही. त्यासाठी मान आणि नजर यांचे ठरावीक व्यायाम शिकून घ्यावे लागतात.

(दृश्य: नेत्रतज्ज्ञांचा दवाखाना. खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी.)

ताईंचे यजमान आम्हांला पुन्हा पुन्हा विचारत होते, "हिच्या डोळ्यातून तर सारखं पाणी गळतं, मग डोळा कोरडा कसा?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. कोरड्या पृष्ठभागाला टोचले, की डोळा एकदम पाणी सोडतो, पण ते पाणी थर धरून राहत नाही. शिवाय खालची पापणी सैल पडल्याने आणि पापणी लवून होणारा उपसा थांबल्याने ते नाकाच्या वाटेने न उतरता गालावर येते.

ही पाच मिलिमीटर रुंदीची कागदी पट्टी याचा उलगडा करते. 1903 मध्ये ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने मांडलेली चाचणी आजही तितक्याच साधेपणाने केली जाते: पट्टीचे दुमडलेले टोक खालच्या पापणीच्या आत अडकवायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि ओल किती मिलिमीटर उतरली, ते मोजायचे. ताई मान स्थिर ठेवून बसल्या आहेत. डाव्या पट्टीवर ओल चढत चढत सोळाच्या रेषेशी पोहोचली. उजवीकडची चारवर थांबली. दहाच्या पुढे ओल गेली, तर साधारणपणे चिंता नसते. पाचाच्या आत म्हणजे कोरडेपणा गंभीर आहे. यानंतर डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा कॉर्नियाच्या खालच्या भागात हिरवे ठिपके चमकले. उघड्या राहिलेल्या फटीसमोर पृष्ठभागावरच्या पेशी झिजल्या होत्या, ती ही जागा.

सर्वांत शेवटी डॉक्टरांनी कापसाचे टोक पिळून त्याचा धागा बुबुळाला हलकेच लावला. ताई दचकल्या, आणि डॉक्टरांना हवे होते ते हेच. गाठ मोठी असेल, तर डोळ्याला स्पर्शज्ञान देणारी पाचवी नसही दुखावलेली असू शकते. मग डोळ्याला जखम झाली, तरी दुखत नाही आणि रुग्ण निर्धास्त राहतो. अशा रुग्णाने वेदनेची वाट पाहायचीच नसते. रोज सकाळी आरशात पाहून लाली, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा कमी झालेली नजर यांपैकी काहीही आढळले, तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचे.

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजवर चिकटवलेले वेळापत्रक.)

ताईंनी शाळेच्या सवयीने वेळापत्रक आखले आहे. दिवसा दर तासाला थेंब, झोपताना मलम. थेंब इतक्या वेळा घालायचे असल्याने ते परिरक्षकविरहित, म्हणजे औषध टिकवणारे रसायन नसलेले, एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांतले आहेत. साध्या बाटलीतील परिरक्षक रसायन दिवसातून दहा-बारा वेळा डोळ्यात गेले, तर तेच पृष्ठभागाला त्रास देते. दिवसा मलम घातले, तर नजर आणखी धूसर होते, म्हणून ते रात्रीसाठी राखलेले असते. वाचताना प्रत्येक परिच्छेदानंतर ताई बोटाच्या पाठीने पापणी मिटतात. शेजारपाजारचे प्रेमाने गुलाबपाणी, मध, एरंडेल सुचवतात. यांतले काहीही उघड्या राहणाऱ्या डोळ्यात घालू नये, आणि लाली जावी म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नयेत.

पुण्याची हवा या दुखण्याला सोयीची नाही. फेब्रुवारीपासून वळिवाच्या पावसापर्यंत दुपारी हवा रखरखीत कोरडी असते, रस्त्यांवरचा धुरळा उडत असतो, आणि आपल्या शहराचे निम्मे जगणे दुचाकीवर चालते. ताई आता मुलाच्या मागे बसतानाही दोन्ही बाजूंनी बंद असलेला गॉगल घालतात आणि त्यावरून स्कार्फ बांधतात. गणपतीच्या मिरवणुकीला त्या यंदा गॅलरीतूनच नमस्कार करणार आहेत, कारण गुलाल डोळ्यात गेला, तर तो बाहेर लोटायला पापणी नाही. झोपायच्या खोलीतला पंखा पायांच्या बाजूला, तोही मंद ठेवलेला असतो.

एवढे करूनही कॉर्निया झिजतच राहिला, तर वरच्या पापणीच्या त्वचेखाली सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे, साधारण एक ग्रॅमचे वजन बसवतात. डोळा मिटायचा म्हटले, की पापणी त्या भाराने खाली येते. हे वजन गुरुत्वाकर्षणावर चालते, त्यामुळे आडवे झाल्यावर त्याचा उपयोग उरत नाही आणि रात्रीचे मलम सुटत नाही. पापण्यांची बाहेरची कड टाके घालून अंशतः शिवणे हा आणखी एक उपाय. चेहरा वेगळा दिसेल म्हणून रुग्ण त्याला घाबरतात, पण त्याने नजर वाचते आणि बहुतेक वेळा तो नंतर उसवताही येतो. ताईंना अजून यांची गरज पडलेली नाही.

नस भरून येते ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने, आणि येताना कधी कधी वाट चुकते. लाळेसाठी निघालेले तंतू अश्रुग्रंथीकडे पोहोचले, तर जेवताना डोळ्यातून पाणी येऊ लागते. ओठांचे तंतू पापणीकडे गेले, तर हसताना डोळा बारीक होतो. गेल्या महिन्यात आमटी-भात खाताना ताईंच्या उजव्या डोळ्यातून धार लागली आणि घरातले सगळे घाबरले. डॉक्टरांनी मात्र ती नस जागी होत असल्याची खूण मानली.

(दृश्य: पुन्हा दवाखाना. डॉक्टरांच्या हातात छोटी प्लास्टिकची पट्टी.)

ताईंनी डोळा मिटण्याचा प्रयत्न केला. पहिल्या तपासणीत पापण्यांमधली फट 7 मिलिमीटर होती; आज ती 3 भरली. घरी आल्यावर त्यांनी फ्रिजवरच्या वेळापत्रकातील "दर तासाला" यावर लाल शाईने रेघ मारली आणि बाजूला "दर दोन तासांनी" असे लिहिले. त्याखालची, रात्री साडेदहाची ओळ त्यांनी तशीच राहू दिली आहे.

(दृश्य: रात्र. आरसा, मलम, पट्टी. सूनबाईंचा आवाज: "मिटला, आई. आता फट नाही.")